ब्रश पुसायची जागा

१

सुचिता ठाकूरच्या पर्समध्ये कायम टिकल्यांची चार-पाच पाकिटं असायची, आणि गंमत अशी, की ती स्वतः कधी टिकली लावत नसे. टिकल्या मतदानासाठी. कुठल्याही ऑफिसचा रंग ठरवायचा असला, की ती भिंतीवर चार वेगवेगळ्या रंगांचे हात-हातभर चौकोन काढून घ्यायची. दिवसभर ते सगळ्यांच्या नजरेखालून जाऊ द्यायची आणि संध्याकाळी माणशी एक टिकली वाटायची. आवडला त्या रंगावर चिकटवा. पुरुष लाजायचे, बायका खिदळायच्या आणि पोटातलं ओठावर यायचं. निळ्याने डोकं थंड राहतं, पिवळ्याने घुमा माणूस बोलायला लागतो, हिरव्यावर डोळा विसावतो, हे सगळं ती पंधरा वर्षं लोकांना पटवत आली होती. त्यातलं निम्मं पुस्तकातलं, पाव अनुभवाचं आणि उरलेलं पाव गिऱ्हाइकाचं तोंड बघून.

रबाळ्याच्या एका ऑफिसात कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाचा गीझर, की तक्रारीचे फोन यायचे. एक मोठा हॉल, रिसेप्शन धरून सव्वीस माणसं, कानाला सव्वीस हेडफोन. मालक बासित परकार, मूळचे श्रीवर्धनचे, मोठे गप्पिष्ट.

"माणसं टिकत नाहीत हो मॅडम," ते म्हणाले होते. "पोरगा जरा बोलायला शिकला की चालला दुसरीकडं. असा रंग लावा, की बसलेला माणूस उठलाच नाय पाहिजे."

"रंग आहे सर, डिंक नाही," सुचिता म्हणाली, आणि दोघं हसले.

तर मतदान झालं. लोकांना मोकळेपणा मिळावा म्हणून ती अशा वेळी नेहमी बाहेर थांबायची. चहा पिऊन आत आली आणि बघते तर चारही चौकोन कोरे. निळा कोरा, पिवळा कोरा, हिरवा आणि सायीच्या रंगाचाही कोरा. सगळ्या टिकल्या पँट्रीच्या दाराशेजारी, खांद्याइतक्या उंचीवर, एका ओबडधोबड डागावर मुंग्या लागाव्यात तशा चिकटलेल्या.

रंगारी गोटीराम घणसोलीचा, साठीला टेकलेला. तो तोंडावर फडका धरून हसायला लागला.

"मॅडम, अवो ती तं माझी ब्रश पुसायची जागा हाय!"

खरंच होतं. एक चौकोन झाला की दुसऱ्याला हात घालण्याआधी गोटीराम ब्रश भिंतीवर फासून मोकळा करायचा. कुठं तरी पुसायचा तो तिथं पुसला. चार रंगांची ती पुसापुशी.

"अरे, हा उमेदवारच नाही," सुचिता म्हणाली. "यात काय आवडलं तुम्हाला?"

मग वैशाली नावाची थोराड बाई म्हणाली, "मॅडम, आमचे पप्पा भिंतीला टेकून पेपर वाचायचे. डोक्याचं तेल लागून लागून तिथं डाग पडला होता. तो रंग आहे हा. सेम."

"माझ्या मामाच्या घरात होता असा," तिच्या शेजारचा दिपेश म्हणाला. "खाटेमागं."

प्रत्येकाच्या घरात होता. सुचिताने मान तिरकी करून बघितलं. तिला भांडी विसळलेल्या पाण्यासारखा एक मळकट रंग दिसत होता. दुसरं काहीच नाही.

"ताई, तुमचं पाकीट पंचवीसचंच होतं," रिसेप्शनवरची सोनम म्हणाली. "मला टिकली उरली नाय. मग मी माझी काढून लावली." तिच्या कपाळावर एक गोल फिकट खूण होती आणि डागाच्या अगदी मधोमध एक मरून टिकली, सोनेरी कडेची.

२

लोकांनी कौल दिला तर तो पाळायचा, हा सुचिताचा नियम. पण रंग बनवायचा कसा? तिच्याकडे भिंतीवर टेकवलं की रंगाचा नंबर सांगणारं एक छोटं यंत्र होतं. त्याने त्या डागाचे पाच वेळा पाच नंबर सांगितले. सेल बदलले, तर सहावा सांगितला.

"त्या यंत्राला चष्मा लावा," गोटीराम म्हणाला, आणि त्याने चारही उरलेले डबे एका ड्रममध्ये ओतून काठीने ढवळले. उरलासुरला माल एकत्र करून जिन्याखाली, मीटरच्या खोलीत लावायचा, ही रंगाऱ्यांची जुनीच रीत. पहिल्याच फटक्यात तोच रंग निघाला. टिकल्या काढून हॉलच्या तिन्ही भिंती दोन दिवसांत झाल्या.

जाताना गोटीराम जरा घुटमळला.

"मॅडम, चार अर्ध्या डब्यांत येवरा हॉल होत नाय. चाळीस वर्षं हेच करतोय. आणि ड्रममध्ये अजून माल हाय."

"पाणी जास्त घातलं असेल तुम्ही."

"असंल," तो म्हणाला. पण त्याने उरलेला रंग नेहमीसारखा घरी नेला नाही. ड्रम तिथेच गच्चीच्या जिन्यात ठेवला.

सुचिता नेरूळला घरी गेली. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे पांढरे स्वच्छ डबे. आई, गोजराबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. आतल्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी आई टेकून बसायची आणि सुचिता घरी येईपर्यंत दाराकडे तोंड करून जागी राहायची. तिथे भिंतीवर तिच्या तेलकट डोक्याचा एक गोल उरला होता. दुःखाच्या खुणा नजरेसमोर ठेवू नयेत, रंगाने मन हलकं करावं, असं सुचिताच लोकांना सांगायची. मग तिने गोटीरामकडून त्यावर पांढऱ्याचे दोन हात मारून घेतले. पंधरा दिवसांत गोल वर आला. तेव्हा एका दुपारी, कुणालाही न सांगता, तिने स्वतः तिसरा हात मारला. ब्रश धुताना ती रडली होती, पण तेही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कोण होतं?

गोल परत आला नाही. मग तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

आणि सोनम. ही पोरगी कामाच्या निमित्ताने फोन करायला लागली आणि मग निमित्त सुटलं, फोन राहिला. रोज संध्याकाळी साडेसहाला ऑफिसमधून निघून दिघ्याची शेअर रिक्षा मिळेपर्यंत दहा मिनिटं. "ताई, चहा झाला का?" इथून सुरुवात. मग मावशी गावाला गेली ती परत यायचं नाव घेत नाही, खोलीत एकटीला झोप लागत नाही, रिक्षावाल्याने सुट्ट्या पैशांवरून कशी कटकट केली. सुचिता हूं हूं करायची. दिवसभरात तिला 'ताई' म्हणणारी ती दहा मिनिटं होती, आणि त्या दहा मिनिटांसाठी ती सव्वासहालाच चहा टाकून ठेवायची.

३

सोनमला रिसेप्शनवरून हॉलमध्ये घेतलं, पगार वाढला. पेढे देते म्हणाली. त्यानंतर आठवडाभर फोन कमी झाले आणि मग बंदच.

सुचिताने दोनदा चहा गार होऊ दिला. तिसऱ्या दिवशी आपणहून फोन लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" सोनमचाच आवाज, पण साखर घोळलेला.

"अगं, मी बोलतेय. सुचिताताई."

मग, "हां ताई. नंतर करते हां." हळू, घरात कुणी झोपलेलं असताना बोलतात तसं.

नंतर तिने केला नाही.

तीन महिन्यांनी रंगाची पाहणी करायची, हा सुचिताचा आणखी एक नियम. या वेळी ती अडीच महिन्यांतच गेली. हॉलच्या दाराबाहेर चपला-बुटांची रांग होती, सत्यनारायणाला असते तशी. तिने आत डोकावलं.

तिने काढून दिलेल्या नकाशात टेबलं समोरासमोर होती, माणसांनी एकमेकांची तोंडं बघावीत म्हणून. आता सगळी टेबलं मधे ढकलून दिलेली होती आणि खुर्च्या तिन्ही भिंतींना लागलेल्या. सव्वीस पाठी. प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून, कपाळ भिंतीपासून बोटभर अंतरावर ठेवून, हळू आवाजात बोलत होता. कुणाचे शब्द कळत नव्हते. दुपारी शेजारच्या घरात बायका बोलत बसतात, आणि आपल्याला नुसता गुणगुणाट ऐकू येतो, तसा आवाज.

कुणीही मागे वळलं नाही.

"बघितलंत?" मागून बासित सर हळूच म्हणाले. "एक राजीनामा नाही. जेवायलासुद्धा उठत नाहीत. गिऱ्हाइकं म्हणतात, तुमची माणसं घरच्यासारखी बोलतात."

"तुम्ही आत जाता?"

"मी?" त्यांनी रुमालाने मान पुसली. "केबिनच्या काचेतून दिसतात की. खरं सांगू मॅडम? हॉल माझा, भाडं माझं. पण आत पाऊल टाकलं की कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो असं वाटतं."

सुचिता शिरली. सोनम कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. वेणी नीट घातलेली, केसांना तेल चोपडलेलं. सुचिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोनम, अगं फोन नाही, काही नाही. बरी आहेस ना?"

सोनम वळली नाही. पण ती हसली, हे मागूनही कळलं.

"ताई," ती भिंतीला म्हणाली, "चप्पल काढून यायचं ना आत."

४

खाली गेटवर अरुणा वॉचमन होती. हो, बाई, तिला कुणी वॉचवुमन म्हटलं की ती चिडायची. सुचिताने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही मंडळी सुटतात किती वाजता?"

"साडेसहाला मी वर जाते लाइट बंद करायला. आत कोन नसतं."

"म्हणजे त्याआधी जातात."

अरुणा तंबाखूची चिमूट मळता मळता थांबली. "तेच तं. गेटवर मीच असते. जाताना कोन दिसत नाय."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी लाइट लावते तवा बसलेलेच असतात." ती थोडी ओशाळली. "येतात कवा, जातात कवा, मी तर बघितलं नाय बा. पण आत नाय म्हंजे गेलेच ना? जातील कुठं मॅडम?"

सुचिताला ते पटलं. पटवून घ्यायची तिला सवयच होती. बाईचा डोळा लागत असणार. मागे आगीच्या वेळचा लोखंडी जिना आहे, तिथून जात असणार. एक रंग फार आवडला, की माणूस त्याच्यासमोर बसून राहतो, त्यात काय एवढं? लोक समुद्रासमोर नाही का बसत?

पण नेरूळला पोचेपर्यंत तिने ठरवलं होतं. तो रंग घालवायचा. कंपनीचं भलं, कामगारांचं आरोग्य, असं बरंच काही ती स्वतःशी बोलली. खरं कारण एवढंच होतं, की साडेसहाला फोन वाजायला हवा होता.

तिने बासित सरांना थाप मारली. म्हणाली, या मालात बुरशी धरते, श्वासाला वाईट, माझी चूक आहे, मी फुकट रंगवून देते. तिला वाटलं होतं, ते वाद घालतील.

"करा," ते ताबडतोब म्हणाले. "रविवारी करा, सुट्टी असते. मी... मी काही येत नाही."

५

रविवारी सकाळी दहाला ती आणि गोटीराम वर गेले. हॉल रिकामा होता. सव्वीस खुर्च्या भिंतीकडे तोंड करून. एसी बंद, तरी आत कोंदट नव्हतं. घरात दुपारी असतो तसा उबदार वास होता, खोबरेल तेलाचा.

दाराबाहेर चपला होत्या.

गोटीराम त्यांच्याकडे बघत उभा राहिला. "सुट्टी हाय ना आज?"

"ऑफिसात घालायच्या वेगळ्या ठेवतात लोक," सुचिता म्हणाली. रांगेच्या शेवटी सोनमच्या चपला होत्या. डाव्या पायाचा तुटलेला पट्टा तिने पिनेने अडकवला होता. अंगठ्यावर धूळ बसली होती, एका दिवसाची नव्हे.

एरवी काम करताना गोटीराम देवाधर्माची गाणी म्हणायचा. त्या दिवशी म्हटली नाहीत. खुर्च्या ओढल्या, जमिनीवर कागद पसरले, रोलर भिजवला. दुपारी दोनपर्यंत पांढऱ्याचा एक हात झाला, साडेचारला दुसरा. हॉल मोठा झाला, उजळला. सुचिताला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

पाचला पंखे लावून ती वाळायची वाट बघत होती. सहा वाजून गेले, भिंत वाळत आली. फक्त जागोजागी तळहाताएवढे गोल ओले राहिले. एका ओळीत, एका उंचीवर. जिथे जिथे खुर्ची होती, तिथे तिथे एक.

"ओल आहे का?"

"पार्टिशनच्या भिंतीला ओल कुठनं येनार?" गोटीरामने बोट टेकवलं, हुंगलं. "तेल हाय. कपाळ टेकवून बसतात वाटतं. तेलावर रंग धरत नाय, तुमाला म्हाईत हाय. तिसरा हात मारायचा का?"

"नको," सुचिता इतक्या मोठ्याने म्हणाली, की तो दचकला.

"ऱ्हायलं. मी चाय घेऊन येतो," तो म्हणाला आणि निघाला. दारातून जाताना त्या चपलांना पाय लागणार नाही असा, अंग चोरून गेला.

ती एकटी उरली. बाहेर कारखाने बंद होते, सगळी रबाळ्याची वसाहत रविवारची गप्प होती. तिने कोपऱ्यातला गोल बघितला, सोनमच्या खुर्चीसमोरचा. त्याच्या मधोमध रंगाखाली काहीतरी उंचवटा होता, मसुराच्या दाण्याएवढा. रोलरमधला केस नाहीतर कचरा. तिने नखाने खरवडलं.

मरून टिकली. सोनेरी कडेची.

ती पँट्रीच्या दाराजवळ लावली होती, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. आणि रंग लावायच्या आधी सगळ्या टिकल्या सुचिताने स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. या टिकलीखाली आता भिंत होती, आणि ती गार नव्हती.

सुचिताने बोट मागे घेतलं. सोनमने दुसरी आणली असेल. पाकिटात सगळ्या सारख्याच असतात. टेकली कपाळ भिंतीला, चिकटून राहिली. सरळ आहे. तिने हे दोनदा स्वतःला सांगितलं आणि घड्याळ बघितलं.

साडेसहा.

६

फोन वाजला.

"ताई, चहा झाला का?"

तोच जुना आवाज. साखर नाही, घाई नाही.

"नाही झाला," ती म्हणाली. "गोटीराम आणायला गेलाय. तू कुठे आहेस गं? किती दिवस फोन नाही."

"कुठं म्हणजे? इथंच." सोनम जरा रुसल्यासारखी बोलली. "ताई, समोर सगळं पांढरं झालंय. सकाळपासून काय दिसत नाय. वैशालीताई पण म्हणते, दिपेश पण. तुमी काय केलं?"

"सोनम, आज रविवार आहे. तू घरी आहेस ना? दिघ्याला?"

"दिघ्याला कोण आहे माझं?" ती साधेपणाने म्हणाली. "ताई, तुमी समोरच उभ्या आहात ना? चपला वाजल्या मगाशी."

हॉलमध्ये पंखे फिरत होते. सव्वीस गोल ओले चमकत होते. सुचिताने फोन कानावरून थोडा दूर धरला, आणि आवाज कमी झाला नाही.

पळून जायला हवं हे तिला कळत होतं. दार उघडं होतं, खाली अरुणा होती, दहा पावलं चालायची होती. पण पुढे? पुढे नेरूळ, तिसरा मजला, दोन पांढऱ्या खोल्या, आणि उद्या साडेसहाला गार होणारा चहा.

"ताई, एक विचारू?" सोनम म्हणाली. "रागावणार नाय ना?"

"विचार."

"तुमच्या आई इथं बसल्यात माझ्या बाजूला. त्या विचारतात, दोन हात झाले होते, मग तिसरा कशाला मारला?"

सुचिता दारापर्यंत गेली. आपल्या चपला काढल्या, सोनमच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवल्या. परत येऊन खुर्ची भिंतीला लावली आणि बसली. गोलाच्या कडेने पांढरा आता पातळ होत चालला होता, त्याच्यामागून तो रंग वर येत होता, आणि या वेळी तो तिला दिसला. मळकट नव्हताच तो मुळी. इतके दिवस कसा दिसला नाही, याचंच तिला हसू आलं. तिने कपाळ पुढे नेलं.

मागे, फार मागे, ग्लास ठेवल्याचा आवाज झाला.

"मॅडम?" गोटीराम म्हणाला. त्याची पावलं हॉलभर फिरली, तिच्या अगदी पाठीशी आली, थांबली, पुढे गेली. "मॅडम, चाय! अवो अरुणाबाय, मॅडम खाली उतरल्या का?"

"नाय बा," खालून आवाज आला, "मी तर बघितलं नाय."

"चपला तं हितंच हायत," गोटीराम म्हणाला.

इथेच आहे, असं वळून म्हणावं, बिचारा घाबरलाय, हे सुचिताच्या मनात आलं. पण आईने नुकतीच बोलायला सुरुवात केली होती.